बेळगावच्या रस्त्यांवरील जुन्या मोटारी : आठवण आणि दाखला



या व्याख्यानमालेत आजवर शिलालेख झाले, संतवाङ्मय झाले, सीमाभागातील नाट्यपरंपराही झाली. यंदा कार्यवाहांनी एका होमिओपॅथिक डॉक्टरला बोलावले आणि त्याने विषय काढला तो मोटारींचा. इतिहासाशी माझा संबंध एवढाच की गेली छत्तीस-सदतीस वर्षे मी माणसांचे इतिहास उतरवून घेतो आहे. रुग्ण समोर बसतो, दुखणे केव्हा सुरू झाले ते सांगतो आणि पुष्कळदा ते चुकीचे सांगतो. तो खोटे बोलत नसतो, त्याला तसेच आठवत असते. आज जे सांगणार आहे त्याच्या मुळाशी हाच अनुभव आहे, आणि शेवटी तो माझ्यावरच उलटला आहे.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका हॉटेलात दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सात-आठ जण जमतो. त्यात एक निवृत्त मोटार मेस्त्री आहेत, एक फौंड्रीत पॅटर्न करणारे, एक बँकेतून निवृत्त झालेले, एक टेम्पोमालक, एक प्राध्यापक आणि फोंड्याहून येऊन इथेच स्थायिक झालेले एक गृहस्थ. चहा येईपर्यंत एकच प्रश्न असतो, ‘या आठवड्यात काय दिसले?’ कुणी सांगतो, खानापूर रोडला चिंचेखाली हेरल्ड उभी आहे, चाके जमिनीत रुतली आहेत. कुणी निपाणीजवळ लँडमास्टर पाहिलेली असते. मेस्त्री लगेच विचारतात, ‘जाळी कशी होती?’ जाळीचे उत्तर आले नाही की ते दर्शन बाद. हो, आम्ही त्याला दर्शनच म्हणतो. माझ्यासारख्या जैनाने हा शब्द मोटारीला लावावा हे आमच्या घरात काहींना पसंत नाही.

पाहिलेल्या गाड्यांची वही माझ्याकडे असते. तारीख, जागा, गाडी, रंग, नंबर, कोणी पाहिली, आणि शेवटच्या रकान्यात ‘सांगितलेली हकिगत’. हा शेवटचा रकाना सर्वांत जास्त भरलेला आहे आणि सर्वांत कमी भरवशाचा आहे.

संस्थानिकांच्या मोटारींवर भरपूर लिहिले गेले आहे. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामांची पिवळी रोल्स रॉईस आहे, कोल्हापूरच्या दसऱ्याला मेबॅक निघते. त्यांचे कागद आहेत, चित्रे आहेत, सांभाळायला माणसे आहेत. पण अडत दुकानदाराची फियाट, डॉक्टरांची हेरल्ड, कंत्राटदाराची अॅम्बॅसिडर यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. खरे तर आपल्या पिढीचा मोटारीशी संबंध आला तो यांच्यामार्फत. आणि त्या इतक्या थोड्या प्रकारच्या का होत्या, हीच मुळात इतिहासाची गोष्ट आहे.

स्वातंत्र्यापूर्वी या देशात मोटारी जोडल्या जात, बनत नसत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता, फोर्डचीही जोडणी होती. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि शेव्हरोले होऊन बाहेर पडायचे. मोटार इथेच बनावी असा आग्रह धरणाऱ्यांत दोन नावे मोठी, सर विश्वेश्वरय्या आणि शेठ वालचंद हिराचंद. वालचंद सोलापूरचे, १८८२ चा जन्म, दिगंबर जैन. लहानपणी आमच्या घरी त्यांचे नाव जवळजवळ नातेवाइकासारखे घेतले जाई, म्हणून इथे माझा थोडा पक्षपात दिसला तर समजून घ्यावे. इंग्रज सरकारला ही कल्पना मानवली नाही. बोटी आणि विमानांच्या बाबतीतही वालचंदांना तोच अनुभव आला होता. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून क्रायस्लरच्या सहकार्याने पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ मध्ये बंगालात उत्तरपाड्याला गेली. तिसरी मद्रासची स्टँडर्ड.

१९४९ मध्ये सरकारने तयार मोटारींच्या आयातीवर बंदी घातली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितले की, जो इथे टप्प्याटप्प्याने गाडी बनवणार असेल त्यानेच राहावे. मग फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. पुढची तीसेक वर्षे मध्यमवर्गाच्या वाट्याला मुख्यतः तीनच घराणी आली. किंमत सरकार ठरवणार. कारखानदारांनी त्याविरुद्ध भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत, आणि दोन वर्षे वापरलेली फियाट कधी कधी नव्यापेक्षा महाग विकली जाई. हे आजच्या मुलांना सांगितले तर ती आपल्याकडे कीव केल्यासारखी पाहतात. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती रस्त्यावर आली आणि हे सगळे संपले, निदान संपू लागले.

बेळगावला मात्र एक चौथी वाट होती, घाटाखालची. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. तिथे आयातबंदी नव्हती. त्यामुळे इकडे आपण फियाटची वाट पाहत असताना पणजी-मडगावात ओपेल, फोक्सवॅगन आणि डिझेलवरच्या मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होत्या. डिसेंबर १९६१ मध्ये याच बेळगावात जमलेले सैन्य गोव्यात उतरले आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. त्यानंतर काही महिन्यांतच अनमोडचा घाट चढून त्या गाड्या वर येऊ लागल्या. आमचे मेस्त्री तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते, एका गॅरेजात हाताखाली काम करत. ते सांगतात, पहिल्यांदा मर्सिडीजचे बॉनेट उघडले तेव्हा उस्ताद बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘हिला हात लावायच्या आधी हात धुवा रे.’

आता नंबरप्लेटविषयी. आपल्यासारख्या गावात मोटारीचा नंबर हा नुसता नंबर नसतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते आणि इथल्या गाड्यांचे नंबर ‘बी’ने सुरू होत. त्या दिवशी चंदगड तालुका वगळून सारा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. नव्या गाड्यांवर ‘एमवाय’ आले. चंदगड मुंबई राज्यात राहिले, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर तिकडे ‘एम’ची मालिका सुरू झाली. पुढे म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि कालांतराने ‘सी’ची अक्षरे आली. गोव्याची ‘जीडी’ होती, गोवा-दमणची. मग १ जुलै १९८९ पासून सगळ्या देशात नवी पद्धत लागू झाली : आपण केए-२२, कोल्हापूर एमएच-०९. ज्या घरांत दोन्हीकडचे व्यवहार होते त्यांनी गाडी कोणत्या बाजूला नोंदवायची यावर किती खल केला हे मी पाहिले आहे. कर वाचवणे हा त्यातला एक भाग, सगळा नव्हे.

संशोधकाच्या दृष्टीने ही अक्षरे फार उपयोगी आहेत. कोणी म्हणतो, ‘आमच्या आजोबांनी छप्पन साली अॅम्बॅसिडर घेतली.’ छप्पन साली अॅम्बॅसिडर नव्हतीच. ती १९५७-५८ मध्ये आली. त्याआधीची लँडमास्टर, १९५४ ची. कोणी म्हणतो, ‘सत्तर साली पद्मिनी घेतली.’ पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमाराचे. त्याआधी ती फियाट अकराशे होती, मग डिलाइट. तीच गाडी थोड्याफार फरकाने. नंतरचे नाव आठवणीत मागे सरकून बसते. जुन्या अकराशेच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत, दार उलटे उघडे. नंतरच्या गाड्यांत त्या पुढे आल्या. म्हणून आम्ही साल विचारतच नाही, दार कसे उघडायचे ते विचारतो. आईने साडीचा पदर कसा सांभाळला ते लोकांना बरोबर आठवते, साल आठवत नाही.

होमिओपॅथीत आम्हाला शिकवतात की रुग्ण बोलत असताना मध्ये बोलू नये, आणि ज्याचे उत्तर नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा प्रश्न विचारू नये. हानेमानने ‘ऑर्गेनॉन’मध्ये हे स्पष्ट लिहून ठेवले आहे. ‘गाडी काळीच होती ना?’ असे विचारले की समोरच्याच्या डोक्यात ती गाडी काळी होऊन जाते, कायमची. आमच्या हॉटेलात हा गुन्हा दर रविवारी घडतो आणि सर्वांत जास्त प्राध्यापकांकडून घडतो. आम्हा जैनांना कोणी चेष्टेने म्हणते, तुमचा तर अनेकान्तवाद, मग सगळ्यांचेच खरे माना. अनेकान्त म्हणजे सगळ्यांचे सगळे खरे असे नव्हे. सत्तर साली पद्मिनी नव्हती म्हणजे नव्हती.

इतकी फुशारकी मारून आता माझ्या घरची हकिगत सांगतो.

आमच्या आप्पांची फियाट होती, राखाडी रंगाची. रविवार पेठेत अडत दुकान होते. दुकानाचे काम, गावोगावचे शेतकरी आणि सणासुदीला स्तवनिधी नाहीतर बाहुबली, हा तिचा संसार. आप्पा सूर्यास्तानंतर जेवत नसत, त्यामुळे गाडी कुठेही गेली तरी दिवस मावळायच्या आत घरी, नाहीतर डबा उघडण्यासाठी रस्त्याच्या कडेला थांबायची. १९८१ मध्ये श्रवणबेळगोळच्या मूर्तीला हजार वर्षे झाली तेव्हा त्या फियाटमध्ये आम्ही सात जण गेलो. रेडिएटर दोनदा उकळला. ही आठवण पक्की आहे. त्या प्रवासातल्या खर्चाची आप्पांची वही माझ्याकडे आहे आणि पाणी घालायला थांबलेल्या गावांची नावे तिच्यात आहेत.

दुसरी एक गोष्ट आमच्या घरात त्याहून जुनी म्हणून चालत आली होती. मी जन्मलो मार्च १९६१ मध्ये. आईला बाळंतपणात खूप त्रास झाला होता, चौदा दिवस ती कॅम्पातल्या दवाखान्यात होती. मग आप्पांनी आपल्या नव्या कोऱ्या फियाटमधून आम्हा दोघांना घरी आणले. ‘तू फियाटमधून घरी आलेला मुलगा’ हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले आहे की त्या गाडीच्या बैठकीचा वासही मला आठवतो असे मला वाटे. पुरावाही होता. आईच्या मांडीवर मी, ती मोटारीच्या पुढच्या बैठकीवर, दार उघडे. फोटोच्या मागे तारीख आणि आप्पांच्या अक्षरात ‘घरी आलो’.

तीन वर्षांपूर्वी मी तो फोटो कौतुकाने हॉटेलात नेला. मेस्त्रींनी चष्मा पुसला, फोटो खिडकीकडे धरला आणि म्हणाले, ‘डॉक्टर, ही फियाट नाही.’

समोरच्या काचेच्या मधोमध एक दांडी दिसत होती. काच दोन तुकड्यांची होती. फियाट अकराशेची काच अखंड. फोटोच्या कडेला, दाराच्या खांबात, एक उभी फट दिसत होती. त्या फटीतून वळताना दिव्याची लहानशी दांडी बाहेर पडते. आम्ही मुले तिला कान म्हणायचो. ‘बेबी हिंदुस्थान,’ मेस्त्री म्हणाले. म्हणजे उत्तरपाड्याला बनलेली मॉरिस मायनर, ५१ ते ५४ च्या दरम्यानची. खाली नंबरप्लेटचा कोपरा आला होता, त्यात एक अक्षर वाचता येत होते : ‘बी’. म्हणजे छप्पनपूर्वी नोंदवलेली.

घरी जाऊन मी फियाटचे आरसी बुक काढले. ते कपाटात होतेच. ते मी कधी उघडून वाचले नव्हते, कारण मला माहीत असलेल्या गोष्टीचा दाखला मी कशाला पाहू? पहिली नोंद मुंबईची, १९६४. मुंबईचा ‘एम’चा नंबर तांबड्या शाईने खोडून ‘एमवाय’चा लिहिलेला. आप्पांचे नाव तिसऱ्या जागी, १९७१. म्हणजे ती गाडी नवी नव्हती, आमची पहिली तर नव्हतीच, आणि मी तिच्यात प्रथम बसलो तेव्हा दहा वर्षांचा होतो.

आई-आप्पा दोघेही नाहीत. उरली आत्या, तेव्हा सत्त्याऐंशीची. मी तिच्याकडे फोटो न घेता गेलो आणि गाडीचे नावही काढले नाही. एवढेच म्हटले, ‘आत्या, मला दवाखान्यातून घरी आणले त्या दिवसाचे सांग.’ ती म्हणाली, ‘उन्हे होती. शेजारच्या डॉक्टरांनी आणलं, त्यांच्या मोटारीतून. स्वतः चालवत. मागच्या सीटवर मी, मांडीवर दुधाचं भांडं.’ मी गप्प राहिलो. मग ती म्हणाली, ‘आपल्याकडे तेव्हा सायकल होती की रे. मोटार कुठली?’

हे शेजारचे डॉक्टर कन्नड भाषिक होते. मला अंधुक आठवतात, पांढरा शर्ट आणि हातात चामडी पेटी. आत्याने सांगितले की आईच्या त्या चौदा दिवसांत ते रोज संध्याकाळी कॅम्पात जाऊन तिला पाहत, पैसे घेत नसत. पुढे दोन्ही घरांचे येणेजाणे कमी झाले. १९८६ च्या आंदोलनाच्या दिवसांत ते बंदच पडले. कोणी भांडले नाही. त्यांच्याकडचा उगादीचा डबा आला नाही, आमच्याकडून दिवाळीचा गेला नाही. नंतर ते कुटुंब धारवाडला गेले आणि घर विकले. त्यांची गाडी आमच्या गोष्टीतून नेमकी केव्हा निघाली आणि फियाट तिच्या जागी केव्हा येऊन उभी राहिली, हे मला सांगता येणार नाही. आप्पांनी मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. त्यांनी फोटोच्या मागे फियाट लिहिलेले नाही, ‘घरी आलो’ एवढेच लिहिले आहे. बाकीचे आम्ही लिहिले.

जुन्या गाड्यांच्या संदर्भात हल्ली कागदाला नवे महत्त्व आले आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात असलेल्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात, फी वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. जुना नोंदणी क्रमांक असेल तर तो ठेवता येतो. ही शेवटची सवलत चांगली आहे. आपल्या भागात तर ती फारच मोलाची, कारण ‘बी’ किंवा ‘एमवाय’ खोडले की गाडीचा अर्धा इतिहास गेला. पण वीस हजार ही रक्कम राजवाड्यातल्या गाडीला काहीच नाही, आणि चिंचेखालच्या हेरल्डला तिच्या भंगाराच्या किमतीएवढी वाटेल. तिच्या मालकाला मी नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘आणि चाके कोण बाहेर काढणार?’

मे २०१४ मध्ये अॅम्बॅसिडरचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे उतरली. त्या वेळी वर्तमानपत्रांत पुष्कळ हळवे लेख आले. मला ते सगळे आवडले नाहीत. त्या गाड्या चांगल्या होत्या असे नाही. ब्रेक लावायला दोन्ही पाय लागत, पावसात आत पाणी येई, आणि थंडीच्या सकाळी हँडल मारताना ते उलटून मनगट मोडलेले रुग्ण मी तपासले आहेत. वहीत मी हेही लिहून घेतो. मात्र एक गोष्ट खरी : गाड्या इतक्या थोड्या होत्या की गल्लीतली एक मोटार सगळ्या गल्लीची असे. बाळंतीण, वऱ्हाड, आजारी म्हातारा, परीक्षेला उशीर झालेला मुलगा, सगळे तिच्यातूनच जात. आमच्या वहीतल्या हकिगतींत ‘आमची गाडी’ म्हणून सांगितलेल्या कितीतरी गाड्या तपासाअंती शेजाऱ्यांच्या निघाल्या आहेत. माझी धरून.

त्या डॉक्टरांच्या थोरल्या मुलीचा पत्ता मी ओळखीच्या एका औषधविक्रेत्याकडून मिळवला आणि धारवाडला फोन केला. मी कोण ते सांगायला लागलो, तर आप्पांचे नाव घेताच त्या मराठीत बोलू लागल्या. पस्तीस वर्षांत वापरली नसेल अशी मराठी, पण टिळकवाडीची. मला त्या ‘तम्मा’ म्हणाल्या. मी त्यांना अक्का म्हटले. फोटोचे सांगितले तेव्हा पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या की त्या गाडीचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. वडिलांनी ती सत्तरीत भंगारात दिली, पण नंबरप्लेट काढून ठेवली होती, ती घर बदलताना कुठे गेली कळले नाही. पूर्ण नंबर मात्र त्यांनी न अडखळता सांगितला. फोटोतल्या कोपऱ्याशी तो जुळतो.

मी फोटोची मोठी प्रत करून धारवाडला नेऊन दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, ‘तुमच्या वहीत रंग काय लिहिलाय?’ मी सांगितले, काळा. फोटोत तसा दिसतो.

‘काळा नव्हे,’ त्या म्हणाल्या. ‘गडद हिरवा. मी दर रविवारी धूत होते.’

वहीत आता तसे लिहिले आहे, आणि ‘कोणी पाहिली’ या रकान्यात त्यांचे नाव.